नवी बॉडी की चांगली लेन्स? पैसे मोजण्याआधी हे टप्पे क्रमाने करा

लग्नसराई आटोपली आणि हातात थोडे पैसे आले की जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे बहुतेक फोटोग्राफर पहिला विचार बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा, करतात. नवी बॉडी येते आणि तिच्यावर जुनीच १८-५५ किंवा ५५-२५० एमएमची लेन्स चढते. पुढच्या लग्नात फोटो जवळपास तसेच येतात. मग दोष कॅमेऱ्याच्या कंपनीला दिला जातो, खरं तर चूक खरेदीच्या क्रमात झालेली असते. आधी वस्तू ठरते आणि तिची गरज नंतर शोधली जाते.

हा लेख लग्न, वाढदिवस, शेतीच्या जाहिराती करणाऱ्या छोट्या स्टुडिओवाल्यांसाठी आहे, तसाच हतनूर धरणावर पक्षी टिपायला किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे टिपायला जाणाऱ्यांसाठीही आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे आहेत म्हणून लोक ते गाळतात, आणि पैसे नेमके तिथेच वाया जातात.

## तयारी: बसण्याआधी काय गोळा करायचं

- मागच्या हंगामाचे मूळ फोटो, क्लायंटला न दिलेले आणि बाजूला टाकलेलेसुद्धा. व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो चालणार नाहीत. त्यातून शटर (प्रकाश किती वेळ आत आला), ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं) आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांची नोंद पुसली जाते.
- संगणक. विंडोज असेल तर फोल्डर ‘डिटेल्स’ पद्धतीने उघडा आणि वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून फोकल लेंथ (लेन्स लांबचं किती जवळ आणते, एमएममध्ये), एफ-स्टॉप (ॲपर्चरचा आकडा; जितका लहान तितकं तोंड मोठं), एक्स्पोजर टाइम (शटर) आणि आयएसओ हे रकाने चालू करा. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.
- एक वही.
- खर्चाचा एकच आकडा, घरात बोलून पक्का केलेला. दुकानात गेल्यावर तो वाढवायचा नाही.

सावधान: निर्णय होईपर्यंत जुनी कार्डं फॉरमॅट करू नका. तुमचं खरं दुखणं रद्दी फोटोंतच दिसतं, आणि आपण सगळ्यात आधी पुसतो तेही तेच.

## टप्पा १: फसलेले फोटो वेगळे काढा

चांगल्या फोटोंकडे आत्ता बघू नका. जे फोटो द्यायला लाज वाटली, जे जास्त कापावे लागले, ज्यांचा ग्रेन (कमी प्रकाशातल्या फोटोवरचे दाणे) सॉफ्टवेअरने घालवताना चेहरा मेणासारखा झाला, ते सगळे एका फोल्डरमध्ये कॉपी करा. शंभरेक फोटो तरी व्हायला हवेत. दहा-वीस फोटोंवरून अंदाज चुकतो. एखाद्या हॉलची खराब लाइट हीच आपली कायमची अडचण आहे असं वाटायला लागतं.

फोटो सगळ्या प्रकारच्या कामांतून घ्या: दुपारची हळद, रात्रीची वरात, श्रावणात घरात मांडलेली कानबाई देवी, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या पोरी. एकाच प्रकारचे फोटो घेतलेत तर निर्णयही एकांगी होईल.

## टप्पा २: प्रत्येक फोटो का फसला ते लिहा

फोटो १०० टक्के मोठा करून बघा. पूर्ण फोटो स्क्रीनवर बसवून बघितला तर चूक दिसते, तिचं कारण दिसत नाही. वहीत प्रत्येक फोटोपुढे यातलं एकच कारण लिहा:

1. हात हलला. फोटोतलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसतं, मागची भिंतसुद्धा.
2. माणूस हलला. भिंत स्पष्ट आहे, नाचणाऱ्याचा चेहरा पुसट आहे.
3. फोकस दुसरीकडे गेला. काहीतरी नक्की धारदार आहे, पण तो नवरीचा कान आहे किंवा मागचं तोरण.
4. कुठेच धार नाही. शटर पुरेसं आहे, हात हललेला नाही, तरी सगळं मऊ आहे.
5. ग्रेन. आयएसओचा रकाना बघून आकडाही लिहा.
6. लांब पडलं. पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढा आहे.
7. आडवे पट्टे. एलईडी लाइटखाली फोटोवर गडद-फिकट पट्ट्या उमटल्या.

पहिली दोन कारणं लोक सर्रास एकत्र करतात. हात हलत असेल तर स्थिरीकरण (स्टॅबिलायझेशन, हाताचा कंप झेलणारी सोय) असलेली लेन्स उपयोगी पडते, ट्रायपॉडही चालतो. माणूस हलत असेल तर स्थिरीकरणाचा काडीचाही उपयोग नाही. तिथे शटरचा वेगच वाढवावा लागतो, म्हणजे जास्त प्रकाश लागतो. ‘बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आता रात्रीचे फोटो हलणार नाहीत’ हे दुकानातलं वाक्य अर्धंच खरं आहे. खांब हलणार नाही, वरातीत नाचणारा मामा हलेलच.

तपासा: वहीतले फोटो मोजून सगळ्यात मोठी दोन कारणं वर्तुळात घ्या. पुढचं सगळं या दोघांभोवती फिरणार आहे.

## टप्पा ३: फुकटात सुटणाऱ्या अडचणी आधी सोडवा

लेन्सच्या पुढे लावलेला स्वस्त यूव्ही फिल्टर काढा. मंडपातल्या फोकसलाइटने फोटोवर धुकं येत असेल, रंग फिके पडत असतील, तर आधी फिल्टर काढून तोच फोटो घ्या. मग लेन्सच्या पुढच्या-मागच्या काचा स्वच्छ करा. ‘कुठेच धार नाही’ गटातले बरेच फोटो इथेच कमी होतात.

ऑटो आयएसओला किमान शटर लावा. चालत्या माणसाला १/१२५ सेकंद, नाचणाऱ्याला १/२५० किंवा जास्त. १/४० वर हललेला फोटो नव्या बॉडीवरही हललेलाच येईल.

फोकसचा मोड बदला. हलणाऱ्या गोष्टीसाठी कॅननमध्ये एआय सर्व्हो (आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यात फक्त सर्व्हो), निकॉन-सोनीत एएफ-सी. फोकसचे सगळे पॉइंट कॅमेऱ्याच्या हवाली केलेत तर तो जवळची आणि ठळक वस्तू धरतो. लग्नात ती वस्तू बहुतेकदा हार असते.

पट्ट्यांसाठी शटर १/१०० किंवा १/५० करून बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेवरचे साधे दिवे सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतात. या शटरवर पट्टे जातात किंवा बरेच कमी होतात. स्टेजमागच्या मोठ्या एलईडी स्क्रीनची लुकलुक मात्र वेगळ्या गतीची असते. तिथे हा उपाय दर वेळी लागू पडत नाही.

उन्हाच्या झळांना लेन्सचा दोष समजू नका. ही चूक खान्देशात फार होते, म्हणून जरा थांबून सांगतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या काळ्या मातीवरून, डांबरावरून, खडकावरून हवा थरथरत वर चढते. लांबची वस्तू त्या हवेतून दिसते आणि मऊ दिसते. हतनूरच्या काठावर हिवाळ्यातसुद्धा ऊन चढलं की पाण्यापलीकडचं बदक लाखाच्या लेन्समधूनही धारदार येत नाही. खात्री अशी करा: त्याच लेन्सने सूर्योदयानंतर लगेच आणि मग दुपारी, तेवढ्याच अंतरावरची एकच वस्तू टिपा. सकाळी धार आहे आणि दुपारी नाही, तर लेन्स निर्दोष आहे. लवकर निघा आणि पक्ष्याच्या जवळ जा.

हे बदल करून पुढची दोन-तीन कामं करा, मगच टप्पा ४. तुमचं वर्तुळातलं कारण इथेच मिटलं, तर पैसे शिल्लक ठेवा. नुसतं हातात पैसे आहेत हे खरेदीचं कारण होत नाही.

## टप्पा ४: उरलेली अडचण कुणाची ते ठरवा

अडचण लेन्सची असते, बॉडीची असते किंवा प्रकाशाची असते. तिसरी शक्यता लोक विसरतात.

### अंधार आणि ग्रेन: इथे आकडेमोड करा

समजा हॉलमध्ये किट लेन्सवर (बॉडीसोबत येणाऱ्या साध्या लेन्सवर) एफ ५.६, शटर १/६०, आयएसओ ६४०० अशी स्थिती आहे. माणसं हलतात आणि ग्रेनही आहे.

पर्याय पहिला, फुल फ्रेम बॉडी, म्हणजे मोठ्या सेन्सरची (प्रकाश टिपणाऱ्या चिपची). साध्या बॉडींतल्या लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरपेक्षा तिच्या सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन ते अडीचपट असतं. एकाच पिढीतल्या दोन बॉडी घेतल्या तर ग्रेनमध्ये साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फायदा होतो. म्हणजे आयएसओ ६४०० चा फोटो जुन्या बॉडीवरच्या २५००-३००० सारखा दिसेल. शटर मात्र १/६० च राहिलं.

पर्याय दुसरा, बॉडी तीच आणि लेन्स एफ १.८. एफ ५.६ पासून एफ १.८ पर्यंत सव्वातीन स्टॉप. तेवढ्यात शटर १/२०० वर नेता येतं आणि आयएसओ २००० वर आणता येतो. हललेपणा आणि ग्रेन, दोन्ही एकदम. आणि ५० एमएम एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांच्या सर्वात स्वस्त लेन्सपैकी एक आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: किट लेन्सवर रात्रीची कामं करणाऱ्याने बॉडीचा विचारसुद्धा आत्ता करू नये.

सावधान, पहिलं: ५० एमएम घेण्याआधी फोकल लेंथच्या रकान्यावर क्लिक करून फोटो क्रमाने लावा. तुमचे घरातले फोटो १८ ते २४ मध्येच दाटले असतील, तर ५० एमएम घेऊन तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहाल. क्रॉप सेन्सरवर ती ७५-८० एमएमसारखी दिसते. कानबाई मांडलेल्या छोट्या खोलीत एवढं मागे सरकायला जागा नसते. तिथे ३५ एमएम एफ १.८ किंवा १७-५० एफ २.८ जातीची झूम घ्या.

सावधान, दुसरं: एफ १.८ वर नवरा-नवरी मागेपुढे उभे असतील तर एकाचाच चेहरा धारदार येतो. वीस नातेवाइकांचा ग्रुप तर एफ ५.६ च्या खाली नेऊच नका. मग ग्रुप फोटोच्या अंधारावर ना लेन्स उपाय ना बॉडी. तिथे फ्लॅश लागतो, पांढऱ्या छताला किंवा छत्रीला आपटवून. तुमच्या फसलेल्या फोटोंत स्टेजवरचे ग्रुप जास्त असतील तर पहिली खरेदी फ्लॅशचीच. नव्या बॉडीपेक्षा ती स्वस्त पडते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या काठी गावच्या होळीसारख्या ठिकाणी हिशेब पुन्हा बदलतो. रात्रभर नाच चालतो, पहाटे होळी पेटते, आणि अशा ठिकाणी तोंडावर फ्लॅश मारणं मला योग्य वाटत नाही. नाचणाऱ्यांनाही त्रास, आणि आगीचा रंगही जातो. तिथे मोठ्या ॲपर्चरची लेन्सच. ती असूनही आयएसओ बॉडीच्या सीमेवर जात असेल, तर मग बॉडी.

### लांबचे पक्षी

फुल फ्रेमवर जाऊन पक्ष्यांचे फोटो सुधारतील हा समज महागात पडतो. त्याच लेन्सने, तेवढ्याच अंतरावरून, २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीऐवजी २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर फोटो काढला, तर पक्ष्याच्या वाट्याला निम्म्याहून कमी पिक्सेल येतात. उलट २५० एमएमवरून ६०० एमएमवर गेलात तर साडेपाचपटींहून जास्त पिक्सेल मिळतात. ‘लांब पडलं’ हे कारण वर्तुळात असेल तर उत्तर लेन्स, आणि शक्यतो क्रॉप बॉडीवरच.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारं, लांबचं आणखी जवळ आणणारं भिंग) हा मधला मार्ग वाटतो, पण १.४ चा एक स्टॉप खातो आणि २ चा दोन. एफ ६.३ च्या झूमवर तो लावला तर पुष्कळ डीएसएलआर (आरसा असलेले कॅमेरे) फोकसच करत नाहीत.

### धावणारे घोडे

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत भर उन्हात घोडा धावतोय. एफ ५.६ आणि आयएसओ २०० वर १/१००० च्या पुढचं शटर सहज मिळतं, म्हणजे महागड्या एफ २.८ लेन्सची इथे गरजच नाही. एएफ-सी लावलं, शटर पुरेसं आहे, तरी दहापैकी सात फोटोंत फोकस घोड्याच्या मागे राहतो? मग अडचण बॉडीची असण्याची शक्यता मोठी. कॅनन १५००डी मध्ये फोकसचे ९ पॉइंट आहेत, निकॉन डी३५०० मध्ये ११, आणि तेही बहुतेक मध्यभागी. कडेला गेलेला घोडा त्यांना दिसतच नाही. फोकस हळू धरणारी लेन्सही कधी कधी मागे पडते, त्यामुळे टप्पा ६ न गाळता करा.

### बॉडीच घ्यावी अशी कारणं

- चालत्या विषयावर फोकस टिकत नाही आणि लेन्स बदलूनही टिकत नाही.
- तुम्ही पैसे घेऊन लग्नाचे फोटो काढता आणि बॉडीत एकच कार्ड स्लॉट आहे. सप्तपदी पुन्हा होत नाही. एकाच कार्डावर दुसऱ्याचं लग्न सोपवणं मला पटत नाही.
- चांगली लेन्स आणि फ्लॅश वापरूनही आयएसओ कायम वरच्या टोकाला.
- व्हिडिओचं काम वाढलंय आणि बॉडी ४के देत नाही, किंवा उन्हात तापून बंद पडते.
- शटरच्या क्लिकची संख्या कंपनीने सांगितलेल्या आकड्याजवळ पोहोचलीय. सुरुवातीच्या बॉडींसाठी तो बहुधा १ लाखाच्या आसपास असतो.

मेगापिक्सेल या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये अर्ध्या पानावर, म्हणजे १२ बाय १८ इंचांवर, ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलची बॉडी ६००० बाय ४००० देते. पुरून उरतात.

## टप्पा ५: जोड बसते का ते बघा

पैसे देण्याआधी लेन्सचं नाव आणि बॉडीचं नाव कागदावर शेजारी शेजारी लिहा आणि हे तपासा.

कॅनन: ईएफ-एस (क्रॉप सेन्सरसाठीची) लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. मिररलेस आर मालिकेवर ईएफ (फुल फ्रेमसाठीची) आणि ईएफ-एस दोन्ही अडॅप्टरने चालतात. पण फुल फ्रेम आर बॉडीवर ईएफ-एस लावली की फोटो आपोआप कापला जातो. २० मेगापिक्सेलचे आठाच्या आत येतात. उलट दिशेने, आरएफ (आर मालिकेसाठीची) लेन्स डीएसएलआरवर लागतच नाही.

निकॉन: डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वतःची मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीत तर फोकस हाताने करावा लागेल. मिररलेस झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावूनही या लेन्स ऑटोफोकस करत नाहीत. नव्या धाटणीच्या मोटरच्या एएफ-पी लेन्स काही जुन्या बॉडींवर चालत नाहीत.

तपासा: पुढच्या दोन-तीन वर्षांत मिररलेसवर जायचं नक्की असेल, तर आज डीएसएलआरसाठी महाग लेन्स घेताना ती अडॅप्टरवर पूर्ण चालते का ते आधी बघा. बॉडीची किंमत लवकर उतरते. चांगली लेन्स दोन-तीन बॉडींना पुरते.

बॉडीचा पूर्ण खर्चही याच कागदावर मांडा: वेगवान कार्डं, जादा बॅटऱ्या, अडॅप्टर, मोठ्या फाइलींसाठी हार्ड डिस्क, आणि संगणकाची रॅम. ही बेरीज केल्यावर बरेच जण स्वतःहून लेन्सकडे वळतात.

## टप्पा ६: भाड्याने आणून आपल्याच कामावर वापरा

ज्या वस्तूवर निर्णय आलाय तीच एका दिवसासाठी आणा. जळगाव-धुळ्यात ओळखीतल्या फोटोग्राफरकडून मिळते, नाहीतर नाशिक-पुण्याकडून. अनामत आणि ओळखपत्र लागेल. घेताना आणि देताना काचेचे फोटो काढून ठेवा.

दुकानात किंवा गच्चीवर चाचणी घेऊ नका. ज्या प्रकारच्या कामात फोटो फसले त्याच कामात वापरा, पण मुख्य कॅमेरा जुनाच ठेवा. मग टप्पा २ पुन्हा करा. वर्तुळातलं कारण अर्ध्यावर आलं तर घ्या. फार फरक नसेल तर नुसत्या भाड्यात सुटलात.

एक काम मात्र आवर्जून करा: एकाच जागेवरून एकच दृश्य जुन्या बॉडीवर नवी लेन्स आणि नव्या बॉडीवर जुनी लेन्स लावून टिपा. दोन्ही भाड्याने मिळत असतील तर यापेक्षा सरळ उत्तर दुसरं कुठलंच नाही.

## टप्पा ७: खरेदी

नवी वस्तू पक्क्या बिलावर घ्या. बिलावर सीरियल नंबर हवा आणि तो वस्तूवरच्या नंबराशी जुळायला हवा. ‘बिलाशिवाय इतके कमी’ या सौद्यात कंपनीची भारतातली वॉरंटी बहुधा नसते. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या.

जुनी लेन्स घेताना:

- मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. पावसाळाभर बंद बॅगेत पडलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. किंमत कितीही कमी असो, सोडून द्या.
- ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको.
- विटांच्या भिंतीसमोर सरळ उभं राहून सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर फोटो घ्या. चारही कोपरे सारखे हवेत. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स पडलेली असू शकते.

जुनी बॉडी घेताना एफ १६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग दिसतील. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. शटर काउंट (आतापर्यंत झालेल्या क्लिकची संख्या) नुसता विचारून थांबू नका. निकॉनच्या मूळ फाइलीत तो सापडतो, बऱ्याच कॅनन बॉडींसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

## टप्पा ८: पहिला आठवडा

बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत सगळ्या फोकल लेंथवर आणि सगळ्यात मोठ्या ॲपर्चरवर चाचणी घ्या. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) एक आणि लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) एक असे तेच दोन फोटो काढून ताडून बघा. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ येत असेल, तर फोकस पुढे-मागे पडतोय. बॉडीत ते जुळवण्याची सोय असेल तर जुळवा, नसेल तर लेन्स बदलून मागा.

यात्रेच्या धुळीत किंवा नंदुरबारला मिरची वाळवण्याच्या पथारीवर लेन्स बदलू नका. गाडीत काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदला. मे महिन्यात बॅग बंद गाडीत ठेवू नका. मृगाच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा घेऊन ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून पुन्हा वापरता येतात.